क्लेटस आजोबांच्या शेजारची जागा

केंटकीतल्या आमच्या टेकडीवर, घरच्या दफनभूमीत अकरा दगड होते. चारांवरची नावं वाचता येत होती, बाकीचे नुसतेच शेतातून उचलून रोवलेले. मेल्यावर आपल्यालाही इथेच पुरा, असं आजीने सांगून ठेवलं होतं, म्हणून मोकळी जागा शोधायला मी लांब लोखंडी सळई आणली. जिथे कबर खणलेली असते, तिथली माती कायमची भुसभुशीत राहते.

"आईची जागा माझ्या वडिलांशेजारी," पप्पा म्हणाले. ते दोन वर्षांचे असताना क्लेटस आजोबा तापाने गेले. दर मे महिन्यात पप्पा त्या दगडापाशी फुलं ठेवतात. आजी मात्र कधी सोबत येत नाही; आज जागा ठरवायची म्हणून काठी टेकत आली होती.

"नको रे बाबा, तो घोरायचा," आजी म्हणाली. "मला त्या टोकाला टाका."

"आता कसलं घोरणं, आई?"

दहा दगडांपुढे सळई सहज चार फूट खाली गेली. मी आजोबांच्या दगडाकडे वळले, तशी आजीने काठी आडवी धरली.

"आजोबाच्या पोटात सळई खुपसतेस? कॉलेजात हेच शिकवलं का गं?"

"करू दे तिला. शेजारी तुला जागा पुरेल का, ते तरी कळेल." पप्पांनी काठी हलकेच बाजूला केली आणि दगडापुढची फुलं उचलून हातात धरली.



मी चार ठिकाणी सळई घातली. चारही ठिकाणी ती नऊ इंचांवर अखंड खडकाला लागली.