आधी पिंजऱ्यात

मोफत वकिलांच्या खोलीत टेबलं दोन, खुर्च्या तीन आणि वकील चार. चौथी, सगळ्यांत नवी, उभ्यानेच फायली वाचायची. कायद्याची पुस्तकं एका कपाटात मावत; त्यातलीही निम्मी थोरल्या बाईंनी घरून आणलेली. नव्यांना तयार करायचं कामही थोरल्या बाईंचंच, आणि त्यांचा पहिला धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

"आधी पिंजऱ्यात उभी राहा," त्यांनी नवीला सांगितलं. "मग अशिलाची बाजू मांड."

"बाई, वेळ कुठे आहे? आज शिक्षा सुनावणार आहेत!"

"म्हणूनच."

अशील खानावळीत भांडी घासायची. मालकिणीची साखळी चोरल्याचा आरोप तिच्यावर होता. मागच्या तारखेला, वकील मिळायच्या आधीच, 'गुन्हा कबूल आहे का?' या प्रश्नाला तिने मान हलवली होती. झाली कबुली. आता तुरुंग समोर होता आणि चार वर्षांची लेक शेजारणीच्या भरवशावर.

जेवणाच्या सुट्टीत नवी रिकाम्या कोर्टात पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. थोरल्या बाईंनी समोरून, न्यायाधीश बोलतात तेवढ्याच आवाजात, आरोप वाचला. नवीच्या बरोब्बर डोक्यावर पंखा खडखडत होता. तिला बाईंचे नुसते ओठ हलताना दिसले.

ती धावतच अशिलाकडे गेली. "ताई, त्या दिवशी साहेबांनी काय विचारलं, ऐकू आलं होतं?"

"नाही हो, वकीलबाई."

"मग मान का हलवलीत?"

"एवढी मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. सारखं 'काय, काय' कसं करायचं?"

कोर्ट बसलं. नवीने कबुली मागे घेण्याचा अर्ज दिला. न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्या कोर्टात ऐकू येत नाही अशी तक्रार एकाही आरोपीने केलेली नाही."

"तक्रार आहे का, हे विचारलेलं तरी ऐकू यायला हवं ना, साहेब."

खसखस पिकली. नवी पिंजऱ्याजवळ जाऊन म्हणाली, "आपण एकदा इथे उभं राहून बघावं, एवढीच विनंती आहे."

मागच्या बाकावर थोरल्या बाई ताठ बसल्या. हा पुढचा धडा त्यांनी शिकवलेला नव्हता.

न्यायाधीश उठले, पायऱ्या उतरले आणि पिंजऱ्यात, खडखडत्या पंख्याखाली, जाऊन उभे राहिले. "हं, होऊ द्या." सगळं कोर्ट त्यांच्या तोंडाकडे बघू लागलं. साहेबांच्या खुर्चीशेजारी उभं राहून, साहेबांच्याच संथ, हळू आवाजात, स्टेनोने त्या दिवशीचे प्रश्न वाचले.

प्रश्न पाच होते. साहेबांनी पाचही वेळा मान हलवली. चौथा प्रश्न होता, 'गुन्हा कबूल आहे का?'