लाभार्थी

"उलटं झालं," सचिव म्हणाला. "काकांनी तुम्हाला धरायचं. तुम्ही काकांना नाही."

ती दुसऱ्या पायरीवर थांबली. व्यासपीठाला पायऱ्या चारच होत्या, पण उद्याच्या सत्काराच्या तालमीत त्या चढायची ही दुसरी वेळ होती आणि दोन्ही वेळा तेच झालं होतं. तिला दिसत नव्हतं. टेलरकाकांना दिसत होतं, पण त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पायरीपाशी ते थबकले की तिला ते श्वासावरून कळायचं, आणि तिचा खांदा आपोआप त्यांच्या काखेखाली जायचा.

सचिव सकाळपासून उभाच होता. क्रीडा भवनाच्या दोन्ही भिंतींवर उद्या परिसरातल्या मानकऱ्यांच्या पाट्या लागायच्या होत्या, डावीकडे खेळाडूंच्या, उजवीकडे समाजसेवकांच्या. वायरमन आला नव्हता. प्रमुख पाहुण्यांनी तीनदा वेळ बदलली होती. त्यात ही दोघं. त्याने पुन्हा समजावलं, की काका अकरा वर्षं एका अंध मुलीचा हात धरून धावले, त्याबद्दल हा सत्कार आहे, तेव्हा लोकांना निदान ते दिसायला तरी नको का?

"कागदावर माझ्या नावापुढे काय लिहिलंय?" तिने विचारलं.

सचिवाने कागद चाळला. वाचावं की नाही असा त्याला प्रश्न पडला. शेवटी त्याने वाचलं. "लाभार्थी."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यांना लाभ झाला ते."

ती एका इस्पितळाच्या टेलिफोनवर बसायची. दिवसभर चिडलेल्या माणसांशी शांतपणे बोलण्याची तिला सवय होती. तशीच ती आताही बोलली. दहा किलोमीटरला तिला बेचाळीस मिनिटं लागतात. आसपासच्या डोळस बायकांपैकी दोघीच तिच्या पुढे आहेत. ते कुठे लिहिलंय का? सचिव म्हणाला, की दुसऱ्याच्या सोबतीने धावणाऱ्याला खेळाडूंच्या भिंतीवर घेता येत नाही असा नियम आहे. तो त्याने केलेला नाही. त्याने स्वतः समितीला दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं होतं. आता तर पाट्याही कोरून आल्या आहेत.

टेलरकाकांचा मुलगा बायकापोरांना घेऊन उद्या मुद्दाम येणार होता. चार वर्षं झाकून ठेवलेलं मशीन उघडून काकांनी स्वतःसाठी शर्ट शिवला होता. कॉलर नीट बसली का ते तिला बोटांनी चाचपून बघायला लावलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "काका, धरा मला."

त्यांनी तिचं कोपर धरलं. पहिली पायरी झाली. दुसरीवर गुडघा अडला, त्यांनी धरलेलं कोपर ओढलं गेलं आणि दोघंही पडता पडता वाचली. सचिव धावला. टेलरकाकांनी हातानेच त्याला लांब राहायला सांगितलं आणि ते तिथेच पायरीवर बसले.

मग ते बोलले, सचिवाकडे बघून, तिच्याकडे नाही. तिच्या वेगाने धावणं त्यांना तीन वर्षांपासून जमत नाही. तिचा खरा सराव संध्याकाळी असतो, कॉलेजातल्या शिक्षिकेबरोबर. चार वर्षांपूर्वी बायको गेल्यावर ते पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. तेव्हा ही रोज पावणेसहाला काठी टेकत दोन गल्ल्या ओलांडून यायची, दार वाजवायची आणि म्हणायची, माझ्याबरोबर धावायला कुणी नाही.

"खोटं बोलायची," ते म्हणाले. "मला माहीत होतं. तरी उठायचो."

"काका, पुरे झालं."

"आता तर धावतही नाही आम्ही. ही चालते माझ्याबरोबर. या लंगड्याबरोबर."

"सांगितलं ना, पुरे," ती चिडून म्हणाली. "त्यांना उशीर होतोय. तुमची नातवंडं येणार आहेत उद्या. निमूट घ्या की सत्कार."

"नातवंडं येणार म्हणूनच."

त्यांनी सचिवाकडे कागद मागितला, मग पेन. सचिवाने वैतागून दोन्ही दिलं. एवीतेवी दिवस वाया गेलाच होता. काकांनी कागद चांगल्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ लिहीत राहिले. पेनची करकर तिला ऐकू येत होती.

"काय करताय?"

"काही नाही. दोन नावं इकडची तिकडे झाली होती."

सचिवाने कागद घेतला. सत्कारमूर्तीच्या जागी तिचं नाव होतं. लाभार्थीच्या जागी काकांचं, खाली सहीसकट. टेबलावर काकांचं नाव कोरलेली पितळी पाटी पडली होती, त्या पाटीकडे त्याने पाहिलं. समितीला काय सांगायचं, पाहुण्यांना काय सांगायचं, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. कागदाची घडी करून त्याने ती खिशात टाकली.

"पुन्हा एकदा घेऊ," तो म्हणाला. "पहिल्या पायरीपासून."

या वेळी कुणी कुणाला धरायचं, ते त्याने सांगितलं नाही.