मधल्या फळीवरचं पातेलं

या, जरा पुढे सरकून बसा. आजची गोष्ट चढ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका फ्रिजची आहे, पण ऐकाच.

काल दुपारी गोठलेला एक टोमॅटो सुनेनं पुरावा म्हणून बर्फाच्या कप्प्यात जपला होता, तो काढला आणि मेकॅनिकच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. कुणाला फेकून मारला तर पोलीस येतील."

मेकॅनिकनं तो जोखून पाहिला. दगडच होता. ही त्याची तिसरी फेरी. पहिल्यांदा त्यानं थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्यांदा सेन्सर. थंडीचं बटण तिनं केव्हाच सर्वांत कमीवर आणलं होतं, मागची जाळी ब्रशनं घासली होती, फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला होता. देवाला साकडं घालायचं तेवढं राहिलं होतं, तेही काल घालून झालं.

"माझी भाजी गोठली तर मी कडाकडा चावून खाईन," ती दबक्या आवाजात म्हणाली. पलीकडच्या खोलीत सासरे रेडिओ लावून बसले होते. "पण बाबांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या गोठून वाया गेल्या. त्यांना सांगितलेलंही नाही. एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याला सावल्या दिसतात, त्या या थेंबांच्या जिवावर. उरलेली एक बाटली शेजारणीच्या फ्रिजात ठेवलीय, आणि ती आज संध्याकाळी कुलूप लावून महिनाभर लेकीकडे चाललीये. दुकानदार म्हणतो, नवी पंधरा दिवसांनी. सांगा, मी ती बाटली ठेवू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"ठेवा," मेकॅनिक म्हणाला. "तेही सध्या गारच पडलंय."

ती हसली नाही.

त्यानं पेटी उघडली नाही. तिनं पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर उभा केला होता, तो पाहिला. दारावर चिकटवलेला तिचा कागद वाचला. सकाळी पाच अंश. दुपारी तीन वाजता पेल्यावर बर्फाची साय. आठ दिवस तेच.

"रात्री शहाणा, सकाळी शहाणा. दुपारीच याच्या अंगात येतं. दुपारी घरात कोण असतं?"

"मी छापखान्यातून तीनला येते. आज रजा टाकून लवकर आले, बाबांना माहीतही नाही. हे अकरालाच बस घेऊन जातात. बाबा एकटे, आणि ते फ्रिजला हात लावत नाहीत. त्यांना दिसतंय कुठे!"

"मग थोडं बसू या." त्यानं स्टूल ओढलं.

"तुम्ही बसायला आलात?"

तेवढ्यात रेडिओ बंद झाला. भिंतीवरून सरकत एक हात दारात आला, त्याच्या मागून सासरे. मेकॅनिकनं ओठांवर बोट ठेवलं.

सासऱ्यांनी चाचपडत गॅस पेटवला. सून अर्धवट उठली, पुन्हा बसली. भाजीच्या पातेल्याला त्यांनी खदखदून उकळी आणली. मग फ्रिज उघडला आणि आधी रिकामा हात आतल्या मागच्या भिंतीवर फिरवला. मधल्या फळीच्या वर प्लास्टिकचं छोटं टेंगूळ होतं. बोटं तिथे थांबली. वाफाळतं पातेलं त्यांनी फडक्यात धरून नेमकं त्या टेंगळाला टेकवलं आणि दार लावलं.

फ्रिज घुरघुरायला लागला.

"ते टेंगूळ म्हणजे सेन्सर," मेकॅनिक कुजबुजला. "त्याला वाटतंय, सगळा फ्रिज तापलाय. आता पातेलं निवेपर्यंत हा धावत सुटणार, आणि बाकी सगळं गोठवणार."

सून पातेल्याच्या दिशेनं बघत राहिली. रोज तीन वाजता ते गारढोण पातेलं बाहेर काढून, ते नवराच जाताना ठेवतो असं धरून, 'माझ्यासाठी काय बर्फ ठेवून जाता?' म्हणून ती त्याला फोनवर झापत आली होती.

"कोण आहे?" सासरे म्हणाले.

"मी, बाबा. मेकॅनिक आलेत."

"लवकर आलीस? बरं झालं. मागे तुझी भाजी आंबली आणि तू उपाशी झोपलीस. तेव्हापासून उकळतो आणि लगेच आत ठेवतो. तिथे हाताला खूण लागते, जागा चुकत नाही." मग ते स्टुलाच्या दिशेला वळले. "आणि काय हो, तीनदा आलात! पोरीला दमून आल्यावर गोठलेलं खावं लागतं. हाताला गुण आहे की नुसतीच पेटी मिरवता?"

सुनेनं तोंड उघडलं. वाया गेलेल्या बाटल्या, आठ दिवसांचा वैताग, सगळं जिभेवर आलं होतं.

मेकॅनिकनं तिच्याकडे बघून 'नको' अशी नुसती मान हलवली.

"चूक माझीच, काका," तो म्हणाला. "मागच्या वेळी काम नीट झालं नाही माझ्याकडून." खिशातून त्यानं रबराचं एक बूच काढलं, खालच्या फळीच्या पुढच्या कडेला चिकटवलं आणि म्हाताऱ्याचा हात धरून त्यावर ठेवला. "यापुढे पातेलं इथे, या खुणेशी. त्याआधी तासभर परातीत, गार पाण्यात. नवा सेन्सर बसवलाय ना, त्याला तसंच लागतं."

"तीन फेऱ्यांनंतर अक्कल आली!"

"उशिराच आली, काका." त्यानं न उघडलेली पेटी उचलली.

तो जिना उतरत होता तरी सासऱ्यांचं तोंड चालूच होतं, आजकालची माणसं, कामाची लाज नाही. सून पातेलं पुढ्यात घेऊन बसली होती. घास तोंडात घालायच्या आधी तिला फुंकर मारावी लागत होती.

मंडळी, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागायचं ते मागून होईल, तेव्हा जाता जाता त्या जिन्यावरून मुकाट्यानं बोलणी खात उतरणाऱ्याचीही आठवण काढा.