सारकित

म्हातारबांच्या पुण्यतिथीचं जेवण आटोपलं, हात धुऊन झाले, तरी पाहुणे दारातून हलेनात. आमच्या अल्माटीत अशा जेवणातलं उरलेलं घोड्याचं मांस घरी न्यायचं, पोरांना भरवायचं आणि मेलेल्यासाठी दुआ मागायची. त्याला सारकित म्हणतात. पण घरची सून शोल्पान नुकतीच आहारशास्त्राचा कोर्स करून आली होती. “एवढी घोड्याची चरबी मी कुणाच्या घरी पाठवणार नाही,” म्हणत तिने प्रत्येकाच्या हातावर एकेक सफरचंद ठेवलं. “अगं, तुझे सासरे नव्वद वर्षं हेच खाऊन जगले!” सासू कळवळली. “आणि गेले कशाने, आई?” सासूने कोर्स केलाच नव्हता. पाहुणे सफरचंदं घेऊन गेले. शोल्पानने मांसाची परात रस्त्यावरच्या कचरापेटीत उपडी केली, तशी गल्लीतली कुत्री धावली. सासू नवऱ्याच्या फोटोकडे वळली. “अहो, तुमचं सारकित कुत्र्यांनी नेलं. आता दुआ त्यांनीच मागायची.”