ट्यूबची पारख

दीपमालानं ट्यूब सासऱ्याच्या खाटेपुढं टाकली. कंधारच्या बसमधून उतरून ती तशीच घरी आली होती. तोंडावरची धूळही पुसली नव्हती.

"बांधून द्या, मामा. उद्या मी तळ्यात उतरणार हाय."

अण्णाराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. आठ महिने ते असेच पडून होते.

एके काळी तळ्यावरचा एकही भोई त्यांना दाखवल्याशिवाय ट्यूब पाण्यात घालत नसे. वस्तीत होडी कुणाकडंच नव्हती. ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरायची, मधल्या भोकावर दोरीची बैठक विणायची, पाय पाण्यात सोडून तिच्यावर बसायचं आणि हातातल्या फळकुटांनी पाणी मागं सारत जाळं टाकत जायचं. खाली तीन पुरुष पाणी, आणि वर तेवढं एक रबर. अण्णाराव ते रबर उन्हात धरून बघत. घडीच्या जागी बारीक चिरा पडल्यात का, ते अंगठ्यानं चाचपत. हवा भरायचा वॉल ओल्या गालाजवळ नेऊन हवा निसटते का ते ओळखत. त्यांनी मान हलवली, की घरातल्या बाया निर्धास्त होत.

मग आदिनाथची ट्यूब फुटली. त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. त्यांनीच निवडलेली, त्यांनीच बांधलेली. त्या सकाळी दीपमाला नवऱ्याला शोधत काठावर गेली, तेव्हा तिला ती बेशरमीच्या झुडपात सापडली. आदिनाथ दुसऱ्या दिवशी वर आला. वस्ती जमली होती. अण्णारावांनी ती फाटकी ट्यूब हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी हाय. माझी पारख चुकली." त्यानंतर त्यांच्या दारात कुणी ट्यूब आणली नाही. त्यांनीही जाळ्याला हात लावला नाही. दीपमाला लोकांच्या रानात मजुरी करत राहिली. आता सोयाबीनची काढणीही संपली होती.

"मामा, ऐकून राहिलात ना?"

"माझ्या हाताचं नको, माय. दुसऱ्या कुणाकडून बांधून घे."

"दुसरं कोण देतंय बांधून? बाईनं तळ्यात जाऊ नये म्हणतेत समदे."

"मंग जाऊ नको."

तिनं ट्यूब उचलली. शेजारून सायकलचा पंप मागून आणला आणि अंगणात हवा भरायला बसली. कंधारला टायरच्या दुकानात दुकानदार गुरुलिंगनं तीन ट्यूबा पुढं टाकल्या होत्या. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. सगळ्यात काळी, चकचकीत होती ती तिनं उचलली होती. हात भरून आले तरी ती पंप मारत राहिली. मग दोरी घेतली आणि आदिनाथला बांधताना पाहिलं होतं तसं आठवून आठवून विणू लागली. गाठी सैल पडत होत्या. वॉल नेमका मांडीत रुतेल असा आत आला होता.

"लई भरू नको," आतून आवाज आला. "उन्हात हवा फुगते."

अण्णाराव उंबऱ्यात येऊन उभे होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते आपण होऊन उठले होते. भिंत धरत ते अंगणात आले, तिच्यासमोर बसले आणि त्यांनी तिनं मारलेल्या गाठीला हात घातला. त्यांनी तो मागं घेतला आणि तोंडावर धरला.

"न्हाई जमणार, दीपा. याच हातानं पोरगं पाण्यात सोडलं मी."

म्हातारा खांदे हलवत रडायला लागला. आवाज नव्हताच. दीपमाला बघत राहिली. मग तिच्यानं राहवलं नाही.

"मामा, ट्यूब फुटली नव्हती."

त्यांनी हात खाली घेतला नाही.

"मला घावली तवा भरलेली होती. जाळं तिच्यावर घडी घालून ठेवलेलं, कोरडं. त्यांनी ते टाकलंच नव्हतं. ते आपल्या पायानं पाण्यात गेले, मामा. कामून गेले ते मला बी न्हाई सांगितलं. लोक त्यांच्या नावानं काहीबाही बोलतील म्हून मी विळा मारला ट्यूबवर. तुमच्यावर येईल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. अन् तुम्ही चूक कबूल केल्यावर माझं तोंड उघडंना."

तिनं कपाळ जमिनीला टेकवलं. आता ते काय म्हणतील ते म्हणोत. घराबाहेर काढतील, शिव्या देतील. तिची तयारी होती.

मग दोरी सरकल्याचा आवाज आला. तिनं मान वर केली. अण्णाराव तिच्या गाठी सोडत होते. एक सुटली. दुसरी सुटली.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "फुटलेलं रबर वेडंवाकडं फाटतं. ती चीर सरळ होती. हातात घेतली तवाच कळलं."

दीपमाला सरळ होऊन बसली. "मंग चूक तुमची म्हून कामून सांगितलं समद्यांना?"

त्यांनी दोरी ताणली. नवी गाठ मारली.

"माझीच हाय. आदल्या सांजेला तो ट्यूब घेऊन आला. बघ बा, म्हणला. घंटाभर बसला माझ्यापुढं, तू बसलीस तिथंच. मी ट्यूबच बघत राहिलो, माय. त्याच्या तोंडाकडं एकदा बी न्हाई बघितलं."