घासा लागते

रंजूचा माणूस वेशीपाशी पुन्हा मेला. माणूस म्हणजे मोबाइलमधला. हाडांचा राक्षस आला, गदा फिरवली आणि झालं. रंजू मागच्या खोलीत शिंगाड्यांच्या टोपल्याला टेकून बसली होती. सकाळपासून उकडलेले शिंगाडे सोलून तिचा अंगठा काळा नि खरबरीत झाला होता, आणि मेला तो पडद्यावर लागतच नव्हता. उडी मारायच्या ऐन वेळी दगा द्यायचा आणि इकडं मुंडकं उडायचं.

"याले का खेल म्हनावं बापा?" ती पुटपुटली. आज जमलं नाही तर गेम काढूनच टाकायचा, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. प्रीतम परवा पुण्याला परत जाणार. मग कोणासाठी मरायचं?

प्रीतम तिचा नवरा. लग्नानंतर पहिल्यांदाच सुट्टीवर बपेऱ्याला आलेला, आणि आल्यापासून समोरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला. रंजूशी बोलणं म्हणजे चार्जर कुठं ठेवला, पाणी आण. भांडण नाही, तंटा नाही, पण गोड शब्दही नाही. गेममधल्या परक्या पोरांशी मात्र काय तो जिव्हाळा! "घाबरू नोको भाऊ, माह्या मागं राय. मी आहो ना." भिंतीपलीकडून हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा रंजूचं शिंगाडे सोलणं थांबलं होतं. असं आपल्यालाही एकदा म्हणावं त्यानं, एवढ्यासाठीच तिनं तो गेम गुपचूप आपल्या मोबाइलवर घेतला होता.

पण त्याच्या टोळीत शिरायचं तर आधी वेशीवरचा राक्षस एकट्यानं मारायला हवा. त्याला मारायचं तर अंगात बळ हवं, आणि बळ हवं तर त्याच त्या सांगाड्यांना पुन्हा पुन्हा मारत बसायचं. "सुरुवातीले लई घासा लागते," असं प्रीतम साऱ्या नवख्यांना सांगायचा. रंजूला हसू यायचं. घासणं तिला कोणी शिकवायचं? या घरात आल्यापासून दुसरं केलं काय होतं!

तिनं ओढणीला हात पुसले आणि पुन्हा सांगाड्यांच्या मागं लागली. बाहेर अंगणात सासू गुणाबाई शिंगाड्यांचं दुसरं पातेलं चुलीवर चढवत होती, त्याचा धूर खिडकीतून आत येत होता. रंजू वेशीपाशी गेली. राक्षसानं गदा उचलली. या खेपेला तिनं अंगठा सोडून बोट वापरलं. सरकली, भोसकलं, सरकली, भोसकलं. आणि तो ढासळला. खरंच ढासळला! रंजूनं तोंडावर हात दाबला, नाहीतर किंचाळलीच असती.

गेमनं टोळीचा परवलीचा शब्द विचारला. तो तिला पाठ होता, कारण गड्यानं आपल्या गावाचंच नाव ठेवलेलं आणि जगाला ओरडून सांगितलेलं. बपेरा. दार उघडलं. समोर काळ्या चिलखतातला प्रीतम.

"कोन आहे रे हा? नवीन दिसते," आवाज भिंतीतून आला आणि लगोलग मोबाइलमधूनही. रंजूनं चटकन मोबाइलचा आवाज बारीक केला. स्वतःचा माइक तिनं बंदच ठेवला होता. "बोलत नाई काय भाऊ? नोको बोलू, चालते. माह्या मागं राय. मी आहो ना."

रंजूचे डोळे भरले. समोरचं धड दिसेना, तरी ती त्याच्या मागं मागं चालली. दलदलीतून दोन तोंडांचा अजगर निघाला. प्रीतम ढाल धरून पुढं झाला आणि तिच्यावरचा घाव आपल्यावर घेऊ लागला. "मागंच राय! सोडून जाऊ नोको, दोघं असलो तं मरते हा!"

"रंजू वं!" अंगणातून गुणाबाईची हाक आली. "भात थंडा होऊन राहिला. प्रीतमले जेवाले वाढ ना! का मुहूर्त पाहून राहिली?"

रंजूनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसरी हाक आली, ती तर थेट उंबऱ्यापासून. तिनं मोबाइल शिंगाड्यांवर पालथा घातला आणि उठली.

"अरे भाऊ, हाल ना! हाल ना रे!" भिंतीपलीकडून प्रीतम ओरडत होता. मग नुसताच म्हणाला, "गेला बिचारा."

तो जेवायला बसला तो तोंड पाडूनच. भातावर मासोळीचा रस्सा पडला तरी हात हलेना.

"का झालं रे?" गुणाबाईनं विचारलं.

"काई नाई, माय. एक नवीन होता. चांगला खेलून राहिला होता. वाचवाले पायजे होतं मी त्याले."

रंजू वाढता वाढता थांबली. त्याचा जीव हळहळत होता, आणि तो तिच्यासाठीच, नि त्याला पत्ताच नव्हता. तिला आनंद व्हावा की रडू यावं, काही कळेना.

"खेलन्यासारखा आहे का तो गेम?" तिनं विचारलं.

प्रीतमनं मान वर केली. "तुले कायले पायजे?"

"सांगा ना."

"एकट्यानं नाई," तो म्हणाला. "एकट्यानं घासून घासून जीव जाते मानसाचा. कोनी संग असलं तं खेलावं, नाई तं सोडून द्यावं."

"तो नवीन मानूस मी होती."

त्याचा घास हातातच राहिला. त्यानं मागच्या खोलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तू?" आणि पुढच्याच क्षणी चिडून म्हणाला, "मंग मधातच काहून पळाली वं? जराशी थांबली असती तं जितलो असतो ना आपुन!"

"तुमचं ताट वाढाले," रंजू म्हणाली.