थंड हवा

यशोधननं सकाळभर खपून छोट्या गाडीला नवं कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारं फिल्टर, बसवलं. बाबा म्हणाले, "चक्कर मारून दाखव. अडली, तर आजच जुनं परत लावायचं."

तेही शेजारी बसले. विजय नगरच्या सिग्नलला गाडी धापा टाकत बंद पडली. मागून कुणीतरी विचारलं, "भिया, धक्का लगाऊँ?"

"झाली हौस? चल, लाव आता जुनं," बाबा म्हणाले.

वैतागून त्यानं बोनट उघडलं. नव्या फिल्टरभोवती गोधडीचा जाड तुकडा होता, परकराच्या नाडीनं घट्ट बांधलेला.

त्यानं घरी फोन लावला. "आई, हे काय आहे?"

"तूच म्हणालास ना, त्याला सारखी थंड हवा लागणार. तू अंघोळीला गेलास तेव्हा गुंडाळलं, झाकणही मीच लावलं. सुटलं नाही ना रे?"

यशोधननं कपाळाला हात लावला. गोधडी काढताच गाडी सुसाट निघाली. बाबा गोधडीची घडी मांडीवर घेऊन बसले होते. घराच्या वळणाअलीकडे म्हणाले, "थांब. बोनट उघड आणि हे बांध परत. तुझी आई बघायला येईल."